अमेरिकेतल्या शाळेचा ‘गिफ्टेड’ प्रवेश : पालकांनी काय करावे आणि बुद्ध्यांकाकडून किती अपेक्षा ठेवावी

दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या दप्तरातून एके दिवशी चुरगळलेली चिठ्ठी निघते. अमुक आठवड्यात ‘कॉगॅट’ ही चाचणी होणार आहे, मुलांना पुरेशी झोप मिळू द्या आणि सकाळी पोटभर न्याहारी द्या, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. शाळेच्या ‘गिफ्टेड’, म्हणजे प्रज्ञावंत मुलांसाठीच्या, कार्यक्रमात कोण जाणार हे ठरवताना ही विचारक्षमतेची चाचणी वापरतात, हे तिच्यात नसते. बाकीची माहिती आपल्याला बसस्टॉपवर, रविवारच्या मराठी शाळेबाहेर गाडीत वाट पाहताना आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर मिळते, आणि तिथपर्यंत पोहोचताना तिचे रूप पालटलेले असते : या चाचणीत जो निवडला गेला त्याचे पुढचे सगळे मार्गी लागले आणि जो राहिला तो राहिला. माझी दोन मुले या चाचणीतून गेली. मोठीची निवड झाली, धाकट्याची दोन पर्सेंटाइलने हुकली. दोन्ही वेळा मी नको तिथे धावाधाव केली आणि हवी ती चौकशी उशिरा केली, म्हणून हे क्रमाने लिहून ठेवत आहे.

सर्वांत आधी आपल्या राज्याचा आणि आपल्या डिस्ट्रिक्टचा (म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) नियम शोधावा, कारण प्रज्ञावंत मुलांना अमुक सोय मिळालीच पाहिजे असे सांगणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत नाही. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क केंद्रीय कायद्याने दिलेला आहे. प्रज्ञावंतांचे मात्र सगळे राज्यांवर सोपवलेले आहे. त्यामुळे एका राज्यातल्या मैत्रिणीचा सल्ला दुसऱ्या राज्यात कामाचा ठरेलच असे नाही. न्यू जर्सीत २०२० मध्ये झालेल्या कायद्यानुसार प्रत्येक डिस्ट्रिक्टला बालवाडीपासून बारावीपर्यंत अशी मुले शोधावी लागतात, त्यासाठी एकाहून अधिक निकष वापरावे लागतात आणि आपली पद्धत संकेतस्थळावर मांडावी लागते. पेनसिल्व्हेनियात हा विषय शिक्षण-नियमांच्या सोळाव्या प्रकरणात येतो. तिथे १३० किंवा त्याहून अधिक बुद्ध्यांक हा एक निकष आहे, पण केवळ बुद्ध्यांकावरून निर्णय करता येत नाही. इतर पुरावा भक्कम असेल तर १३० पेक्षा कमी बुद्ध्यांकाचे मूलही पात्र ठरू शकते, आणि घरची भाषा वेगळी असल्यामुळे प्रज्ञा झाकली जात आहे का हेही शाळेला पाहावे लागते. पालकाने तिथे मूल्यमापनाची मागणी केली की दहा दिवसांत संमतीचा अर्ज हातात पडायला हवा आणि संमती दिल्यापासून साठ दिवसांत अहवाल. कॅलिफोर्नियात २०१३ पासून या कार्यक्रमाचा वेगळा निधीच राहिलेला नाही; डिस्ट्रिक्टच्या मनात असेल तर कार्यक्रम, नसेल तर नाही.

नियम सापडला की शाळेतल्या गिफ्टेड कोऑर्डिनेटरला ईमेल लिहावा. फोनवर विचारले तर उत्तर गोड मिळते, पण हातात काही राहत नाही. चाचणी कोणत्या इयत्तेत होते, सरसकट सगळ्यांची होते की शिक्षकांनी नाव सुचवलेल्यांचीच, एकत्रित गुण धरतात की एखाद्याच विभागातले उत्तम गुण पुरतात, मुलाची तुलना देशभरातल्या मुलांशी होते की त्याच शाळेतल्या, आणि यंदा हुकले तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येते का, हे सगळे विचारावे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुतेक पालक विचारतच नाहीत (मीही विचारला नव्हता) : निवड झालेल्या मुलांना शिकवतात काय? काही ठिकाणी ही मुले पूर्ण वेळ वेगळ्या वर्गात बसतात आणि गणित एक-दोन इयत्ता पुढचे शिकतात. काही ठिकाणी आठवड्यातून एकदा पाऊण तास त्यांना बाहेर बोलावून कोडी सोडवायला देतात. ज्या गोष्टीसाठी आपण सहा महिने झोप उडवून घेतली ती आठवड्याला पाऊण तासाची होती, हे मला मोठीची निवड झाल्यानंतर समजले.

शिक्षकांनी नाव सुचवल्याशिवाय चाचणीच होत नसेल, तर पालकाने स्वतः लेखी मागणी करावी. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये शिफारशीची अट सोडून दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांची प्राथमिक चाचणी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुले निवडली जाण्याचे प्रमाण ठळकपणे वाढले. ही मुले आधीही वर्गात होतीच, फक्त कोणी त्यांची नावे सुचवत नव्हते. आपल्या समाजात याची उलटी बाजू दिसते. गणितात चांगला असलेला भारतीय मुलगा शिक्षकांच्या नजरेत लगेच भरतो, आणि चित्रे काढत बसणारी, तुटक बोलणारी मुलगी मागे राहते.

शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता याचा एक अर्ज भरून घेतात. त्यात मराठी लिहिले तर मूल इंग्रजीच्या जादा वर्गात अडकेल या भीतीने अनेक जण इंग्रजी लिहून मोकळे होतात. असे करू नये. चाचणीच्या शाब्दिक विभागात मूल कमी पडले, तर घरची भाषा मराठी आहे ही नोंदच पुढे त्याच्या बाजूने बोलते.

कॉगॅटचे तीन विभाग असतात : शाब्दिक, संख्यात्मक आणि अशाब्दिक. लहान इयत्तांत शाब्दिक विभागातही चित्रेच असतात. अशाब्दिक विभागात आकृत्यांचे साधर्म्य आणि वर्गीकरण येते, आणि घडी घातलेल्या कागदाला भोक पाडले तर कागद उलगडल्यावर भोके कुठे दिसतील असे प्रश्न येतात. हा शेवटचा प्रकार मोठीला कागदावर कळेना. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने पेपर नॅपकिनची चौघडी केली, कोपऱ्यात काट्याचे टोक खुपसले आणि उलगडून पाहिले. मग एकामागून एक अकरा नॅपकिन भोसकले. बाराव्याला उलगडण्याआधीच भोके कुठे असतील ते तिने बोट ठेवून दाखवले. तयारी म्हणून आमच्या घरी झालेली सगळ्यांत उपयोगी गोष्ट तीच. तिच्यासाठी आणलेल्या जाड सराव-पुस्तकाची निम्मी पाने अजून कोरी आहेत.

महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्या पिढीचा इथे एक घोटाळा होतो. आपण चौथीला स्कॉलरशिपला बसलो तेव्हा ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा भाषा आणि गणितासारखाच एक विषय होता. त्याची मार्गदर्शके मिळत, बाई शाळा सुटल्यावर जादा तास घेत, आणि संख्यामालिका, सांकेतिक भाषा, घड्याळाचे आरशातले प्रतिबिंब यांचा सराव केला की गुण वाढत. गुण वाढायचे हे खरेच आहे. पण ती गुणवत्ता यादी लावण्यासाठी घेतलेली स्पर्धा परीक्षा होती आणि सगळेच सराव करून येत होते. कॉगॅट किंवा नॅग्लिएरी यांसारख्या चाचण्यांचे मानक, म्हणजे ज्याच्याशी गुणांची तुलना करतात तो आधार, मात्र विशेष सराव न केलेल्या मुलांवरून ठरवलेले असते. शंभर तास सराव केलेल्या मुलाचे गुण त्या मानकावर ठेवले तर मिळणारा आकडा मुलाविषयी कमी आणि शिकवणीविषयी जास्त सांगतो. शिवाय असा प्रवेश मिळालेल्या मुलाला रोज त्या वर्गात बसायचे असते, हे शनिवारच्या कोचिंग क्लासचे पैसे भरताना लक्षात राहत नाही.

म्हणून तयारी इतपतच करावी : प्रश्नांचे प्रकार एकदा डोळ्यांखालून घालावेत, उत्तराचा गोल नीट भरायला किंवा पडद्यावर उत्तर निवडायला शिकवावे, आणि एखादे उत्तर आले नाही तर अंदाजाने भरून पुढे जायला हरकत नाही हे सांगावे, कारण चुकीच्या उत्तराला कॉगॅटमध्ये गुण वजा होत नाहीत. वीस-वीस मिनिटांच्या दोन-तीन बैठका त्याला पुरतात. चाचणीच्या दिवशी मुलाला ताप असेल तर शाळेत पाठवू नये. नंतरची तारीख मागता येते.

निकालाचा कागद वाचताना पहिली चूक होते ती पर्सेंटाइलला टक्के समजण्याची. ९३ पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी ९३ गुण नव्हेत. त्याच वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण ९३ मुले या मुलाच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट अशी की निरनिराळ्या चाचण्यांचे आकडे थेट एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. वेक्सलर या बुद्ध्यांकाच्या चाचणीत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) १५ असते, कॉगॅटमध्ये विचलन १६ असते. त्यामुळे वरच्या सुमारे दोन टक्क्यांची रेघ एकीकडे १३० वर येते आणि दुसरीकडे १३२ वर. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक आकड्याला मोजमापाची चूक चिकटलेली असते. एकेका मुलाला तासभर बसवून घेतलेल्या उत्तम चाचणीतही पाच-सहा गुण इकडे किंवा तिकडे होऊ शकतात. १२८ आणि १३१ या दोन मुलांमध्ये फरक आहे असे चाचणी सांगत नाही. तसे सांगते ती रेघ, आणि रेघ जागांच्या संख्येवरून कोणीतरी कार्यालयात बसून आखलेली असते.

वय जितके लहान तितका हा आकडा कच्चा. न्यूयॉर्क शहरात बरीच वर्षे चार वर्षांच्या मुलांची चाचणी घेऊन जागा वाटल्या जात. ९० पर्सेंटाइलला आपल्या भागातल्या वर्गासाठी अर्ज करता येई आणि ९७ ला शहरभरातल्या मोजक्या शाळांसाठी. २०२१ मध्ये ती चाचणी बंद झाली, आणि माझ्या मते बरेच झाले, कारण चार वर्षांचे मूल अनोळखी बाईंसमोर बोलायला तयार झाले की नाही यावरच त्यात बरेचसे ठरत होते. याउलट अकराव्या वर्षीचा आकडा बराच टिकतो. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या, म्हणजे ८७ हजारांवर मुलांची एकच चाचणी घेतली गेली होती. त्यांच्यातल्या काहींना सहासष्ट वर्षांनी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, तोच कागद पुन्हा सोडवायला दिला तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण मेळ) ०.६३ निघाला. म्हणजे बुद्ध्यांक हे थोतांड नाही, पण बालवाडीतला बुद्ध्यांक आणि सहावीतला बुद्ध्यांक यांना सारखेच वजन देऊ नये.

धाकट्याचा कागद आला तेव्हा त्याच्यावर ९३ होते आणि रेघ ९५ ला होती. त्याच रात्री व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी विचारले, “म्हणजे हा हुशार नाही का गं?” तो शेजारीच बसला होता. तेव्हापासून निकालाविषयी भारतात आधी कळवायचे नाही, मुलाशी स्वतः बोलून झाल्यावरच कळवायचे, असा नियम मी केला आहे, आणि तो इतरांनीही करावा.

अपील बहुतेक ठिकाणी करता येते, पण त्याची मुदत लहान असते, म्हणून निकालाचा ईमेल आल्या दिवशीच ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. अर्जात “आमचा मुलगा अतिशय बुद्धिमान आहे” या वाक्याचा काडीचाही उपयोग होत नाही, कारण समितीपुढे आलेल्या प्रत्येक अर्जात तेच असते. मुलाने काय केले ते तारखेनिशी लिहावे आणि त्याचा नमुना जोडावा. आमच्या मुलाने आगगाड्यांची वेळापत्रके उतरवून, दोन गाड्यांमधले अंतर काढून, एक गाडी रद्द झाली तर बाकीच्या कशा सरकवाव्या लागतील याच्या वह्या भरल्या होत्या. शाळेतल्या कामात यातले काहीच दिसत नव्हते. त्या वहीच्या चार पानांच्या छायाप्रती आम्ही जोडल्या. अपील फेटाळले गेले. पण ती पाने पाहून त्याच्या शिक्षिकेने गणिताच्या तासाला त्याला पुढच्या इयत्तेत पाठवायला सुरुवात केली, आणि त्याला जे हवे होते ते हेच होते. एका विषयापुरती पुढच्या वर्गात बसण्याची ही सोय गिफ्टेडच्या शिक्क्यावाचूनही मागता येते, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

खासगी मानसशास्त्रज्ञाकडून वेक्सलरची चाचणी करून घ्यावी का? शाळा तो अहवाल ग्राह्य धरते, असे आधी लेखी कळल्याशिवाय करू नये. खर्च सहज काही शे डॉलरच्या घरात जातो आणि तीच चाचणी लगेच पुन्हा घेता येत नाही. मात्र मूल तोंडी फार पुढचे बोलते पण लिहायला बसले की अडते, किंवा विचार खोल पण काम अतिशय संथ असा प्रकार असेल, तर ही चाचणी जरूर करावी. तिच्यात स्मरणशक्ती आणि वेग यांचे आकडे वेगळे मिळतात. केवळ हे दोन कमी आहेत म्हणून मुलाला नाकारता येत नाही असे पेनसिल्व्हेनियाच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे.

आता ज्या प्रश्नामुळे ही सगळी धडपड चालते त्याकडे वळू. बुद्ध्यांकावरून पुढचे आयुष्य सांगता येते का? अनेक दीर्घकालीन अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००७ मध्ये स्ट्रेन्झे या एस्टोनियन संशोधकाने जे काढले ते ढोबळमानाने असे : लहानपणी किंवा तरुणपणी मोजलेल्या बुद्धिमत्तेचा पुढच्या शिक्षणाशी सहसंबंध ०.५५ च्या आसपास, व्यवसायाच्या दर्जाशी ०.४५ च्या आसपास आणि उत्पन्नाशी जेमतेम ०.२. सहसंबंधाचा वर्ग केला की दोन माणसांतल्या फरकाचा किती भाग एका गोष्टीवरून सांगता येतो ते कळते. त्या हिशेबाने शिक्षणातल्या फरकाचा साधारण तीस टक्के भाग बुद्ध्यांकाशी जोडता येतो आणि उत्पन्नातल्या फरकाचा चार-पाच टक्के. शाळेत पुढे कोण जाईल हे बुद्ध्यांक बरे सांगतो, कारण मुळात १९०५ मध्ये पॅरिसला बिने आणि सिमों यांनी ही चाचणी शाळेत कोणाला जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठीच तयार केली होती. बँकेत किती शिल्लक राहील हे सांगण्यासाठी ती कोणी केली नव्हती, आणि ते तिला नीट सांगताही येत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांना मात्र ही चाचणी सगळेच सांगेल असे वाटत होते. त्यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियात अतिशय उच्च बुद्ध्यांकाची सुमारे दीड हजार मुले निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा ठेवला. ही मुले सरासरीने चांगली शिकली, चांगल्या नोकऱ्यांत गेली. पण त्यांच्यातल्या कोणाला नोबेल मिळाले नाही, आणि ज्यांची चाचणी होऊनही जे रेघेखाली राहिले त्या विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ यांना भौतिकशास्त्राचे नोबेल १९५६ आणि १९६८ मध्ये मिळाले. ही गोष्ट आपल्याकडे फार चवीने सांगतात, पण तिच्यापेक्षा १९६८ मध्ये टर्मन यांच्या सहकारी मेलिटा ओडन यांनी केलेली तुलना मला अधिक उपयोगी वाटते. या गटातले सर्वांत यशस्वी शंभर पुरुष आणि सर्वांत कमी यशस्वी शंभर पुरुष त्यांनी समोरासमोर ठेवले, तेव्हा दोघांच्या बुद्ध्यांकात फारसा फरक नव्हता. फरक होता तो चिकाटीत, आत्मविश्वासात, आणि घरच्या शिक्षणाच्या वातावरणात.

यावरून “अमुक आकड्याच्या वर बुद्ध्यांकाला काहीच अर्थ उरत नाही” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तेही खरे नाही. ज्युलियन स्टॅनली या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सुरू केलेल्या अभ्यासात तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेज-प्रवेशाची सॅट परीक्षा देऊन गणितात विलक्षण असलेली मुले शोधली गेली, आणि काही दशकांनी असे दिसले की वरच्या एका टक्क्यातसुद्धा वरचा चतुर्थांश डॉक्टरेट आणि पेटंटच्या बाबतीत खालच्या चतुर्थांशाच्या बराच पुढे होता. मात्र तिथे मोजली होती ती एका विषयातली ताकद, तीही तेराव्या वर्षी, आणि त्या मुलांना पुढे त्या विषयाचे भरपूर खाद्य मिळाले होते. दुसरीतल्या एका सकाळच्या चाचणीला हा दाखला लागू करू नये.

राहिला प्रश्न कार्यक्रमात गेल्याने काय साधते याचा. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी फ्लोरिडातल्या चौथीच्या गिफ्टेड वर्गांचा अभ्यास केला. त्या वर्गांतल्या रिकाम्या जागा बुद्ध्यांकाची अट पूर्ण न करणाऱ्या, पण मागच्या वर्षीच्या राज्य-परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या मुलांनी भरल्या जात. बुद्ध्यांकाची रेघ पार करून आलेल्या मुलांच्या वाचन-गणिताच्या गुणांत वर्गामुळे वाढ दिसली नाही. गुणांवर आत आलेल्या मुलांना, विशेषतः कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना, मात्र चांगलाच फायदा झाला. म्हणून तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये चाचणीच्या गुणांबरोबर वर्गातल्या कामावरूनही प्रवेश असेल, तर दुसऱ्या वाटेला कमी लेखू नये.

शेवटी एक व्यवहाराची बाब. निकालाचे सगळे कागद, ईमेल, शिक्षकांचे अभिप्राय आणि मुलाच्या कामाचे नमुने एका फायलीत ठेवावेत. नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात जावे लागले तर गिफ्टेडची नोंद बहुधा आपोआप सोबत जात नाही. नवी शाळा आपल्या निकषांवर पुन्हा तपासते, आणि जुनी शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत ईमेलला उत्तर देत नाही. आमच्या फायलीत मोठीचा अहवाल आहे, धाकट्याच्या अपिलाचे पत्र आहे आणि त्याच्या वेळापत्रकांची ती चार पाने आहेत. मूळ वही तो देत नाही. ती अजून भरायची आहे असे म्हणतो.